वरचं दार, खालचं दार

किल्लीमामांचं दुकान म्हणजे खरं तर आमच्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. उंच माणूस आत शिरला की त्याचं कपाळ पायरीला आपटायचंच. मामा बुटके, त्यामुळे ती जागा त्यांच्या मापानंच बेतल्यासारखी होती. भिंतीवर खिळे, खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, किल्ल्या घासायचं एक यंत्र आणि एक स्टूल. त्या स्टुलावर गिऱ्हाइकांपेक्षा गप्पा मारायला आलेली माणसंच जास्त बसायची. शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान. मधली भिंत इतकी पातळ की मामांचं यंत्र सुरू झालं की माझ्या टेबलावरचे कागद थरथरायचे.

मामा तसे कोणाचेच मामा नव्हते, त्यांना बहीणच नव्हती. पण सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, मग त्यांच्या बायकोला मामी म्हणणं ओघानंच आलं. मामी घरी पाळणाघर चालवायच्या. दिवसभर पोरांची रडारड ऐकून त्यांचा आवाज चढलेला, आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून मामांची जीभ सुटलेली. त्यांच्या घरात शांतता म्हणजे कोणीतरी आजारी आहे असं समजायचं.

खोकल्याची साथ आली तेव्हा सगळ्यांबरोबर मामांचंही दुकान बंद झालं. फोन मात्र बंद झाला नाही. कोणी घाईघाईत दार ओढून घेतलेलं असायचं, कोणाची किल्ली दवाखान्यात नेलेल्या माणसाच्या खिशात गेलेली असायची. मामा तोंडाला फडकं बांधून, पेटी घेऊन जायचे, दार उघडायचे आणि लांबूनच हात हलवून परत यायचे.

एका दुपारी आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आणि एक हवालदार त्यांना बोलवायला आले. गल्लीच्या टोकाच्या इमारतीत एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली म्हणून त्यांना सगळे प्रूफवाले म्हणायचे. दुसऱ्या शहरातली त्यांची मुलगी आदल्या दिवसापासून फोन करत होती आणि फोन कोणी उचलत नव्हतं.

कुलूप साधं होतं. मामांनी तार घातली, जरा चाचपलं, आणि दार उघडलं. सिस्टर आत गेल्या. मामा उंबऱ्यावर उभे राहिले. तिथून त्यांना टेबल दिसत होतं, टेबलावर छापील कागद, कागदांवर चष्मा. माणूस दिसत नव्हता. बऱ्याच वेळानं सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी मान हलवली.

“साथीनं गेले?” हवालदारानं विचारलं.

“तपासणी होईल. पण मला तसं वाटत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “इन्शुलिनच्या सगळ्या कुप्या रिकाम्या आहेत. कधी संपलं कोण जाणे.”

तेवढ्यात शेजारचं दार किलकिलं झालं. आतल्या बाईंनी विचारलं, “काय झालं? ते घरात होते? मला वाटलं लेकीकडे गेले.”

हवालदारानं मुलीला फोन लावला तेव्हा ती पहिलं वाक्य हेच म्हणाली, “पण शेजारच्या काकू बघत होत्या ना त्यांच्याकडे?”

दोघीही खरंच बोलत होत्या. दोघींच्याही मनात त्या म्हाताऱ्या माणसाबद्दल वाईट काही नव्हतं. मामा पेटी उचलून घरी आले, साबणानं हात धुतले आणि गप्प बसले. ते गप्प बसले म्हणून मामी घाबरल्या.

“ताप आहे का अंगात?”

“नाही.”

“मग?”

“अगं, प्रूफवाले आणि ती शेजारीण, दोघांच्या मधे एकच भिंत होती. आपल्या दुकानासारखी. खोकला पलीकडे ऐकू जाईल एवढी.”

“मग?”

“मग काही नाही. एवढंच.”

हे मला मामींनी नंतर सांगितलं. म्हणाल्या, त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की ह्यांना खरंच काहीतरी झालंय.

साथ ओसरली. दुकानं उघडली. लोकांनी फडकी जाळली, बाटल्या फेकल्या आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही असं न बोलता ठरवून टाकलं. मामांनी मात्र ऐन त्या वेळी शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. “गरज सरो वैद्य मरो,” असं आमच्या वरच्या मजल्यावरचे बेकरीवाले म्हणाले, “पण मामांचा वैद्य मरायलाच तयार नाही.” तरीही ते आले, कारण मामींनी त्यांच्या दोन्ही पोरांना लहानपणी सांभाळलं होतं आणि मामींना नाही म्हणणं सोपं नव्हतं. मी आले, कारण मी शेजारची. तिसऱ्या मजल्यावरचा ट्रक ड्रायव्हर आला, कारण त्या दिवशी गाडी दुरुस्तीला होती. सिस्टर आल्या. आणि चौथ्या मजल्यावरच्या भूमितीच्या बाई आल्या, त्या खरं तर हॉलच्या गळक्या नळाची तक्रार करायला.

भूमितीच्या बाई निवृत्त झाल्या होत्या, पण गल्लीतली अर्धी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. अजूनही त्या रस्त्यानं निघाल्या की मोठमोठे बाप्ये विडी लपवायचे.

मामा उभे राहिले. प्रूफवाल्यांची हकिगत त्यांनी सांगितली, आणि मग आपली योजना मांडली. प्रत्येक घरानं एक जास्तीची किल्ली करायची आणि ती मामांकडे ठेवायची. वेळ पडली तर दार उघडायला उशीर नको.

बाई म्हणाल्या, “म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.”

सगळे हसले. मामांचा चेहरा पडला. “बाई, मी चोर आहे का?”

“तुम्ही चोर नाही. पण उद्या तुमचं दुकान फुटलं तर सगळी गल्ली फुटली. आणि तुम्हीच आजारी पडलात तर आम्ही किल्ल्या मागायच्या कोणाकडे?”

मामा खाली बसले. मग सिस्टर बोलल्या, हळू आवाजात. “किल्ली लागते ती सगळ्यात शेवटी, मामा. आधी कोणाला तरी कळायला हवं की हे दार आज उघडलंच नाही. त्या दिवशी आपल्याला कळायलाच उशीर झाला होता.”

“बरोबर,” मामा म्हणाले. “मग ते कळायचं कसं?”

बाई उठल्या आणि फळ्याकडे गेल्या. खडू हातात आल्यावर त्या दहा वर्षांनी तरुण दिसायला लागल्या. त्यांनी एका ओळीत ठिपके काढले. “पहिल्यानं दुसऱ्याकडे बघायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. ठीक? पण ह्या पहिल्याकडे बघायला कोणीच नाही.” मग त्यांनी ओळीचं शेवटचं टोक वळवून पहिल्याला जोडलं. वर्तुळ झालं. “आता कोणी टोकाला नाही.”

“आणि मधला एखादा आडवा झाला तर?” ड्रायव्हरनं मागच्या बाकावरून विचारलं. “तो ज्याच्याकडे बघणार होता, तो लटकला.”

बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. वर्गात हा मुलगा कधी एक शब्द बोलला नव्हता. “चांगला प्रश्न आहे,” त्या म्हणाल्या, आणि प्रत्येक ठिपक्यातून दोन्ही बाजूंना बाण काढले. “प्रत्येकानं दोन दारं बघायची. आपलं वरचं आणि आपलं खालचं. सगळ्यात वरच्याचं वरचं दार म्हणजे तळमजला.”

आमची इमारत अरुंद, एकेका मजल्यावर एकच बिऱ्हाड. तळमजल्याला मामा-मामी, पहिल्यावर मी आणि माझी आई, मग बेकरीवाले, ड्रायव्हर, आणि सगळ्यात वर बाई. म्हणजे मामांच्या वाट्याला वरचं दार आमचं आणि खालचं दार चौथ्या मजल्यावरच्या बाईंचं आलं. “खालच्या दारासाठी चार जिने चढायचे,” मामा म्हणाले, “ही कुठली भूमिती?” गुडघ्यांकडे बघून बाईंनी त्यांना फोनची सूट दिली.

बोलायला हे सोपं होतं. करायला बसल्यावर एकेक निघत गेलं. बेकरीवाले आणि ड्रायव्हर ट्रक कुठे उभा करायचा ह्यावरून भांडले होते आणि कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आता ते एकमेकांचे वरचे-खालचे झाले. दोघांनीही मामांकडे येऊन सांगितलं, दुसरा कोणी द्या. मामींनी पोराला थोपटता थोपटता दोघांना ऐकवलं, “बोलायला कोण सांगतंय? दार वाजवा, माणूस जिवंत आहे का बघा, परत या. त्याला शब्द कशाला लागतात?” पुढे कितीतरी महिने ते दोघं रोज सकाळी एकमेकांचं दार वाजवायचे, दार उघडलं की माना हलवायचे आणि निघून जायचे. मग एका सकाळी ड्रायव्हरच्या तोंडून सवयीनं “काय, ठीक ना?” निघून गेलं, आणि बेकरीवाल्यांनी न विचार करता “ठीक” म्हटलं. दोघंही आपापल्या दारात जरा वेळ चक्रावून उभे होते म्हणे.

एकट्या राहणाऱ्यांची नावं जिन्यात लावायची टूम कोणीतरी काढली. बाईंनी ती तिथेच मोडली. “चोराला आमंत्रणपत्रिकाच की.” त्यामुळे कुठेही काही लिहिलं नाही. ज्यानं त्यानं आपली दोन दारं लक्षात ठेवायची, बस. किल्ली द्यायची तर ज्याच्यावर विश्वास आहे त्याला द्यायची. मामांनी स्वतःकडे एकही ठेवली नाही, फक्त घासून दिल्या. पैसे नेहमीचेच घेतले. फुकट दिलं की लोकांना संशय येतो, असं त्यांचं म्हणणं.

सिस्टर महिन्यातून एकदा यायच्या. त्यांचं बोलणं कधी मोठं नसायचं, पण प्रत्येक वेळी एखादी गोष्ट पक्की करून जायच्या. रोजचं औषध लागणाऱ्यांनी डबा रिकामा होईस्तोवर थांबायचं नाही, निम्मा झाला की आणायचं. आईबाप दोघंही आजारी पडले तर पोरं कोणाकडे, हे आधी ठरवायचं. ती अर्थातच मामींकडे. दोन घरांत एकाच दिवशी एकसारखी तक्रार दिसली तर वाट बघायची नाही, केंद्रात फोन करायचा. ड्रायव्हरचा पोपट कोण सांभाळणार ह्यावर मात्र एक पूर्ण बैठक गेली, कारण तो पोपट शिव्या द्यायचा.

मामांचा उत्साह असा की त्यांनी हॉलमधलं एक कपाट मिळवलं आणि ते फडकी, मास्क आणि जंतुनाशकाच्या बाटल्यांनी गच्च भरलं. त्याला कुलूपही स्वतःच्या पसंतीचं लावलं. कोणी आलं की ते कपाट उघडून दाखवायचे. “येऊ दे आता खोकला,” म्हणायचे.

बाईंनी सगळं केलं. रोज आपली दोन दारं पाहिली, वर्षातून एकदा कोणाला तरी खोटा रुग्ण करून आम्ही सराव घ्यायचो, तेव्हा इतरांच्या चुका काढल्या. पण त्यांनी आपली किल्ली कोणालाही दिली नाही. मामांनी एकदा विषय काढला तेव्हा मी तिथेच होते.

“दार वाजवा, मी उत्तर देईन,” बाई म्हणाल्या. “किल्ली मागू नका.”

“बाई, विश्वास नाही का आमच्यावर?”

“विश्वासाचा प्रश्न नाही. लहानपणी आम्ही सात भावंडं दोन खोल्यांत होतो. नंतर वसतिगृह. मग भावाचं घर, वहिनीचं घर. साठी उलटल्यावर माझ्या नावाचं दार मला मिळालं. त्याची किल्ली एकच आहे आणि ती माझ्याकडे आहे, हे मला अजून रोज आवडतं.”

मामांनी मान डोलावली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. उलट बाईंनी नवीन दार बसवलं तेव्हा दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप त्यांनीच लावून दिलं. “हे माझ्या बापालाही उघडायचं नाही,” असं मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यांचे वडीलही किल्ल्याच करायचे.

काही वर्षं काहीच झालं नाही. आमचं बघून गल्लीतल्या इतर इमारतींनीही वर्तुळ केलं होतं, पण कितीतरी ठिकाणी ते नावापुरतं उरलं. आमच्याकडे टिकलं ते मामींच्या धाकामुळे. आणि मग, रस्ता खणून ठेवलेल्या त्या उन्हाळ्यात, एका सकाळी मी मामांच्या दुकानात जाऊन म्हटलं, “मामा, आज जरा माझ्या दुकानाकडे लक्ष ठेवाल? आईला पहाटेपासून जुलाब होतायत.”

मामा किल्ली घासत होते. त्यांनी यंत्र बंद केलं. “तुझ्या आईला? अगं, आत्ता बेकरीवाले सांगून गेले, त्यांच्याही दोन्ही पोरांना जुलाब आणि उलट्या होतायत.”

दोन घरं, एक तक्रार. मामांनी लगेच सिस्टरना फोन लावला. सिस्टरांनी एवढंच विचारलं, “गल्लीत आणखी कुठे? लगेच कळवा.” निरोप फिरला. जिथे वर्तुळ नावापुरतं उरलं होतं तिथेही लोकांना आपलं वरचं-खालचं दार आठवत होतं. दुपारच्या आत उत्तर आलं. गल्लीच्या आमच्या बाजूच्या जवळजवळ प्रत्येक जिन्यात कोणी ना कोणी आडवं झालं होतं. समोरच्या बाजूला एकही नाही.

मामा आता पेटले. कपाट उघडून त्यांनी मास्क वाटायला सुरुवात केली. सिस्टर येऊन पोहोचल्या तेव्हा मामा हॉलच्या दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात मास्क कोंबत होते.

“मामा, मास्क राहू द्या,” सिस्टर म्हणाल्या.

“का? साथ आहे ना?”

“आहे. पण ही खोकल्याची नाही. समोरच्यांचं पाणी दुसऱ्या लाइनवरून येतं. तुमच्या बाजूची लाइन त्या खणलेल्या चरातून गेलीय, आणि चराला लागून गटार आहे.” त्यांनी केंद्रात फोन लावला होता, तो अजून कानालाच होता. “पाणी बंद करायला माणसं येतायत. तोवर नळाचं पाणी कोणी तोंडाला लावायचं नाही. प्यायचं तर उकळून, आणि आजाऱ्यांना त्यात साखर-मीठ घालून पाजायचं. निरोप फिरवा.”

मामांनी हातातल्या मास्कांकडे पाहिलं. मला त्यांची दया आली. इतकी वर्षं जपलेलं कपाट, आणि संकट आलं ते भलत्याच वाटेनं. पण ते फार वेळ थांबले नाहीत. त्यांनी मास्क तिथेच बाकावर टाकले आणि निरोप द्यायला वळले. प्रत्येकानं आपल्या वरच्या आणि खालच्या दाराला सांगायचं, ओरडून नाही, समोर जाऊन. समोरच्या बाजूचे लोक पातेली भरून पाणी घेऊन यायला लागले. बेकरीवाल्यांची भट्टी पाणी उकळायच्या कामाला लागली. मामींच्या पाळणाघरात तोंड सुकलेली पोरं रांगेनं निजली आणि मामी चमच्या-चमच्यानं त्यांना पाणी पाजत फिरत होत्या.

ह्या गडबडीत मामा एक गोष्ट विसरले. बाईंना रोज करायचा फोन त्या दिवशी त्यांनी केलाच नाही.

बाईंचं दार बघणारा दुसरा माणूस म्हणजे ड्रायव्हर. सकाळी त्यानं बाईंचं दार वाजवलं होतं. आतून “ठीक आहे” असं उत्तरही आलं होतं. आता पाण्याचा निरोप घेऊन तो पुन्हा वर गेला. दार वाजवलं. उत्तर नाही. परत वाजवलं. मग तो एकेका उडीत तीन-तीन पायऱ्या टाकत खाली आला.

मामा पेटी घेऊन चार जिने चढले. गुडघ्यांची तक्रार त्या दिवशी कोणी ऐकली नाही. बाईंच्या दारात बसून त्यांनी कुलपात तार घातली आणि त्यांच्या लक्षात आलं की हे तेच कुलूप. त्यांनी एक तार वापरली, दुसरी वापरली. घाम भुवईवरून डोळ्यात उतरत होता.

“खांदा मारू का?” ड्रायव्हरनं विचारलं.

“तुझा खांदा मोडेल, दार नाही. मीच बसवलंय.”

तेवढ्यात आतून आवाज आला, अगदी बारीक. “कोण आहे?”

“मी, मामा. बाई, दारापर्यंत येता येईल का?”

“नाही.” मग थोड्या वेळानं, “दार फोडू नका. नवीन आहे.”

“फोडत नाही. पण कुलपाशेजारी भोक पाडावं लागेल.”

मामांनी दाराला कान लावला. शेवटी बाई म्हणाल्या, “लहान पाडा.”

मामांनी गिरमिट चालवलं. नंतर ते मला म्हणाले, आयुष्यात कुलपावर हात इतका जड कधी पडला नव्हता. लाकडाचा भुसा त्यांच्या गुडघ्यांवर साचला. भोकातून आकडी घालून त्यांनी कुलपाचा आतला खटका मागे ओढला आणि दार उघडलं.

बाई न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडल्या होत्या. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे. ड्रायव्हरनं त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, मामांनी साखर-मिठाचं पाणी चमच्यानं तोंडात सोडलं. दोन-तीन चमचे गेले तेव्हा बाईंनी डोळे उघडून दाराकडे पाहिलं, भोकाचा आकार बघितला आणि पुन्हा डोळे मिटले. मग एका खुर्चीत बसवून ड्रायव्हर आणि बेकरीवाले त्यांना चार जिने खाली घेऊन गेले. पुढे एक, मागे एक. वळणावर ड्रायव्हर म्हणाला, “तुमच्या बाजूनं जरा वर घ्या,” आणि बेकरीवाल्यांनी वर घेतलं. आरोग्य केंद्रात पोहोचल्यावर सिस्टरांनी सलाइन लावलं.

संध्याकाळी नळ बंद झाले, पाण्याचे टँकर आले. तो आठवडाभर आमच्या बाजूची माणसं एकामागून एक आडवी होत राहिली, पण सगळी उठली. माझी आईसुद्धा. केंद्रातल्या डॉक्टर नंतर येऊन बसल्या होत्या, त्यांनी सांगितलं की त्याच लाइनवरच्या पुढच्या वस्तीत खबर मिळायला दोन दिवस जास्त लागले, आणि तिथे सगळं इतकं सोपं गेलं नाही. हे ऐकल्यावर आमच्यातलं कोणी शेखी मिरवायच्या मनःस्थितीत राहिलं नाही. ड्रायव्हर आणि बेकरीवाले दुसऱ्याच दिवशी त्या वस्तीत पाणी घेऊन गेले, एकाच ट्रकमधून.

बाई घरी परतल्यावर पहिल्यांदा त्यांनी ड्रायव्हरला बोलावलं.

“सकाळी मी ठीक आहे म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या. “तरी दुपारी वरपर्यंत का आलास? बाकीच्यांना तू जिन्यातूनच ओरडून सांगितलंस असं ऐकलं.”

ड्रायव्हर अवघडला. शाळेत असल्यासारखे त्यानं हात मागे घेतले. “रोज तुम्ही मला म्हणता, दार हळू वाजव, मी बहिरी नाही. त्या दिवशी म्हणाला नाहीत.”

बाईंना हसू आवरलं नाही. त्या दिवशी त्या जिना उतरून मामांच्या स्टुलावर येऊन बसल्या. हातात किल्ली होती. “हिच्यासारखी एक करून द्या. खालच्या मजल्यावर द्यायची आहे.”

मामांनी यंत्र सुरू केलं आणि माझ्या टेबलावरचे कागद थरथरायला लागले. किल्ली देताना ते एवढंच म्हणाले, “बाई, तुमचा फोन मी विसरलो होतो त्या दिवशी.”

“म्हणून तर प्रत्येकाला दोन बाण आहेत,” बाई म्हणाल्या. “तुम्ही विसरणार, मी हट्ट करणार. हे धरूनच आकृती काढायची असते.”

पुढे आरोग्य केंद्रानं आसपासच्या वस्त्यांतल्या लोकांना बोलावलं आणि मामांना चार शब्द बोलायला सांगितलं. मामा इतकं बोलले, इतक्या गोष्टी सांगितल्या, की मूळ मुद्दा काय होता हे कोणालाच कळेना. शेवटी बाईंनी त्यांच्या हातून खडू काढून घेतला. तेव्हापासून ती जोडी तशीच जाते. मामा गोष्ट सांगतात, बाई वर्तुळ काढतात, आणि सिस्टर शेवटी सांगतात की मागच्या साथीची तयारी करून पुढची साथ येत नाही. पुढची कुठून येईल ते आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा आधी एकमेकांना ओळखून ठेवा. हे सांगताना त्या मामांच्या कपाटाचा उल्लेख करत नाहीत. मामाच करतात, आणि मोठ्यांदा हसतात.

ह्या वर्षीच्या सरावात आम्ही पहिल्यांदाच मामांना रुग्ण केलं. त्यांनी दार लावून पडून राहायचं, काही झालं तरी ओ द्यायची नाही, आणि कोणाच्या किती लवकर लक्षात येतं ते बघायचं. मामी पाळणाघरातली पोरं घेऊन हॉलमध्ये बसल्या. खालच्या मजल्याचं दार बघायचं काम माझं. मी दार वाजवलं. आत शांतता. परत वाजवलं. आणि मग आतून मामांचा आवाज आला, “अगं, ठरल्याप्रमाणे मी बोलणार नाहीये. पण तू दार डाव्या हातानं वाजवतेस का? आवाज वेगळा येतोय.”

सराव तिथेच फसला. हॉलमध्ये चहा पिताना मामी त्यांच्यावर चिडल्या, बाईंनी त्यांना शून्य गुण दिले, आणि ड्रायव्हरनं विचारलं की खरा आजारी माणूस असा बोलत असेल तर त्याचं काय करायचं. मामा खजील होऊन कपातल्या चहाकडे बघत होते. जरा वेळानं माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “गप्प पडून राहायचं ठरवलं होतं गं. पण दार वाजलं, आणि इतकं बरं वाटलं, राहवलंच नाही.”

मग बाईंनी फळा पुसला आणि पुढच्या वेळी रुग्ण कोणाला करायचं ह्यावर वाद सुरू झाला. बेकरीवाले म्हणाले, पोपटाला सोडून कोणालाही करा.